लालभडक जिभा

आमच्या जावयाला, हिंदुरावांना, प्रत्येक कामाची भारी घाई. इंदापूरच्या दवाखान्यातले हे कारकून आमच्या डाळज गावी आले, ते पुढल्या साली किती पोरांना रक्त कमी पडेल याचा अंदाज बांधायला. तेवढ्यांपुरत्याच रक्तवाढीच्या गोळ्या गावाला मिळणार होत्या. बाजेवर बसूनच त्यांनी पोरांच्या जिभा बघितल्या. साऱ्या लालभडक! लगेच कागदावर शून्य मांडलं.

माझी नात शकू चार पावलं चालली तरी धापा टाकते. मी तिला चूळ भरायला लावली. पाणी लाल पडलं आणि जीभ निघाली पांढरीफटक. सकाळपासून पोरं निवडुंगाची पिकली बोंडं खात होती.

मी म्हणाले, “जावईबापू, निवडुंगाला रक्त भरपूर हाय, एवढंच तुमाला कळलं. ते शून्य खोडा, आन् आता पोरांकडं बघा!”