एवढा एक शब्द

मंगळवार, चार मार्च. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी स्लाऊमधल्या एका घरातून नऊ-नऊ-नऊला फोन गेला. सात एकोणतीसला पॅरामेडिक्सनी वैभवीला मृत घोषित केलं. वय अठ्ठावीस. लग्नाला दहा महिने झाले होते, इंग्लंडमध्ये येऊन सात.

साडेअकराला कागद शिल्पाच्या टेबलावर आले. ती त्या भागाची असिस्टंट कॉरोनर. पूर्वी या पदाला डेप्युटी म्हणत आणि डॉक्टरांचीही नेमणूक होई. आता नव्याने येणाऱ्याला कायद्याची पात्रता आणि किमान पाच वर्षं लागतात. शिल्पाला सॉलिसिटर होऊन एकोणीस वर्षं झाली होती आणि महिन्यातले काही दिवस ती हे काम करी. मरणाचं कारण कळेना किंवा ते नैसर्गिक वाटेना, की चौकशी तिच्याकडे येई. प्रश्न चारच: कोण, कधी, कुठे, कसं. दोष कुणाचा, हे ठरवायचा अधिकार तिला नव्हता.

नवऱ्याचा जबाब अर्ध्या पानाचा होता. अनिश, सॉफ्टवेअर इंजिनिअर. पत्नीला कुठलाही आजार नव्हता. महाशिवरात्रीपासून उपास चालू होते. अशक्तपणा होता, उलट्या झाल्या, सोमवारी दिवसभर झोपून होती. घरात त्याची आई यमुना, व्हिजिटर व्हिसावर आलेली. कुटुंबाची विनंती: पोस्टमॉर्टेम करू नये, देह लवकर द्यावा, धार्मिक कारण.

"जीपीचं रेकॉर्ड?" शिल्पाने विचारलं.

"नाही," हेलन म्हणाली. ती कॉरोनरची ऑफिसर. पोलीस आणि घरच्यांशी बोलायचं काम तिचं. "म्हणजे जीपीच नाही. सात महिन्यांत कुठल्याच डॉक्टरकडे नाव घातलेलं नाही."

शिल्पाने पोस्टमॉर्टेमच्या आदेशावर सही केली. त्याला कुटुंबाची संमती लागत नाही.

दुपारी नागपूरहून ईमेल आला. वैभवीच्या वडिलांचा, मिलिंद यांचा. मजकूर मराठीत होता. हेलनने तो भाषांतराला पाठवला आणि एक प्रत फाइलला लावली. शिल्पाने भाषांतराची वाट पाहिली नाही.

"आमची मुलगी गेली, ती काही परत येणार नाही. झाले ते झाले. आपल्याला हात जोडून विनंती, कागदपत्रांत लहानपणापासून मधुमेह असा उल्लेख कुठेही येऊ नये. एवढा एक शब्द वगळावा. धाकट्या मुलीचे, स्वरालीचे जमत आले आहे. मुलाकडचे फार चौकस आहेत."

शिल्पाने ईमेल पुन्हा वाचला. पोलिसांच्या कागदात तो शब्द नव्हता, अनिशच्या जबाबातही नव्हता. जो शब्द कुणी उच्चारलाच नव्हता, तो वगळा म्हणून बापाने स्वतः लिहून पाठवला होता.

तिने हेलनला बोलावलं. "घरात इन्सुलिन शोधायला सांग. आणि टॉक्सिकोलॉजीच्या लॅबला फोन कर. साखर आणि कीटोन, दोन्ही बघायला सांग."

बुधवारी दुपारी पोलिसांनी तीन इन्सुलिन पेन आणली. फ्रिजमध्ये नव्हती, औषधांच्या कपाटातही नव्हती. बाथरूममध्ये सॅनिटरी पॅडच्या पाकिटात, तळाशी सापडली. तिन्ही रिकामी. लेबलांवर बॉलपेनने बारीक आकडे लिहिलेले.

"हे काय आहे?" हेलनने फोटो पुढे केला. "कोड आहे का?"

ते देवनागरी आकडे होते. शिल्पाला मराठी बोलता येई तशी अडखळत; पण रविवारच्या मराठी शाळेत आईने वाचन आणि आकडे घोटून घेतले होते. तारीख आणि मात्रा. डिसेंबरात अठरा. जानेवारीत बारा. मग आठ, मग सहा. शेवटची नोंद २४ फेब्रुवारी, चार. त्यापुढे काही नाही. हाताशी होतं ते पुरवून पुरवून घ्यायचा हिशेब होता तो.

"दुभाष्या बोलव," शिल्पा म्हणाली. "मी वाचलेलं पुरावा होत नाही."

चहा तसाच ठेवून ती निघाली.

आईकडे जायचं आधीच ठरलं होतं. सुप्रभाबाईंना इथे येऊन अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती. दार उघडताना त्या हळूच म्हणाल्या, "शशिकांतकाका आलेत. मी बोलावलं नाही हं."

स्लाऊच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष शशिकांतकाका सोफ्यावर होते. शेजारी करड्या साडीतल्या एक बाई, कपाळावर मोठं कुंकू, मांडीवर पिशवी. पिशवीतून हिरव्या साडीचा काठ दिसत होता.

"ये बेटा," काका म्हणाले. "या यमुनाताई. अनिशची आई."

शिल्पा उभीच राहिली. "काका, मी यांच्याबरोबर बोलू शकत नाही. हा केस माझ्याकडे आहे."

"म्हणूनच तर निर्धास्त आहोत. दुसरा कुणी असता तर चिरफाडच केली असती. आपलं माणूस आहे खुर्चीवर, सांभाळून घेईल, म्हटलं मी यांना."

"पोस्टमॉर्टेम उद्या आहे."

यमुनाबाईंनी पिशवी जवळ ओढली.

"सवाष्ण गेली हो ती," त्या म्हणाल्या. "कपाळावर कुंकू घेऊन गेली. असं भाग्य कुणाला मिळतं? मंडळातल्या बायका ओटी भरायला थांबल्यात. आणि तुम्ही तिला कापायला काढलंय."

"तुम्ही मला काही सांगू नका, प्लीज. मला ते लिहायला लागेल."

"लिहा की. फसवलं आम्हाला, तेही लिहा. भाजी घेताना देठ मोडून बघतो माणूस. इथे सून आणली आणि सहाव्या दिवशी कळलं, पोटात सुया टोचून घेते. आईबापांनी शिकवून पाठवलेली, बोलायचं नाही म्हणून."

"यमुनाताई," काका पुटपुटले.

"का? आपलीच आहे ना ही? सहा महिन्यांच्या आणल्या होत्या बरोबर, घेतल्या तिने. संपत आल्यावर म्हटलं, हळूहळू सोड. शरीराला सवय लावली तर लागते, नाही लावली तर नाही. उपास कर, साखर आपोआप उतरते. डॉक्टरकडे कसं पाठवणार? दवाखान्यात रिसेप्शनला मंडळातलीच पोरगी बसते. दुसऱ्या दिवशी सगळ्या स्लाऊला कळलं असतं, अनिशच्या गळ्यात आजारी बायको बांधली म्हणून."

त्या आवाजात लपवाछपवी नव्हती. लाज नव्हती. दुकानदाराने खराब माल दिल्याची तक्रार असते, तेवढीच तक्रार होती.

विषय बदलावा म्हणून काका म्हणाले, "अगं, तू पाहिलंयस तिला. जानेवारीत हळदीकुंकवाला आली नव्हती का? पिवळी साडी. किचनमध्ये तुझ्याशीच बोलत होती की."

तेव्हा शिल्पाला ते आठवलं.

हॉलच्या मागचं किचन. एक बारीक मुलगी कप विसळत होती. दोनदा थांबून ती तीन ग्लास पाणी प्यायली होती. मग म्हणाली, "ताई, तुम्ही डॉक्टर ना? बाहेर सगळे म्हणतात."

"नाही गं, वकील आहे. मेलेल्यांचा चौकशी करते. तुला अजून वेळ आहे." शिल्पा स्वतःच्याच विनोदावर हसली होती.

मुलगीही हसली होती. मग दाराकडे बघत म्हणाली, "इथे जीपीकडे नाव घालायला नवऱ्याची सही लागते का? अनिश म्हणतात, लागते."

"छे, काही नाही लागत." बाहेरून कुणीतरी वाण लुटायला हाक मारली आणि शिल्पा गेली. का विचारतेस, एवढंही तिने विचारलं नाही.

आता तिने पर्स उचलली. सुप्रभाबाई तिच्या मागे पॅसेजमध्ये आल्या.

"काय करणार आहेस?"

"केस सोडणार."

काकांनी ते ऐकलं. ते दारापर्यंत आले. "सोडू नकोस, बेटा. तुझ्या हातात आहे तोवर आब राहील. दुसऱ्याच्या हातात गेलं तर अनिशचं करिअर, व्हिसा, सगळं जाईल. तू फक्त बसून राहा. काही करू नकोस."

"बसून राहिले तर मी जज, काका. जज साक्ष देऊ शकत नाही." मराठीत शब्द सापडेना म्हणून ती थांबली. "आणि तिने मला विचारलेली गोष्ट दुसऱ्या कुणालाच माहीत नाही. आज या इथे जे बोलल्या, तेही सांगायला हवं."

यमुनाबाई सोफ्यावरून म्हणाल्या, "आपल्या माणसांवर उलटणार तू?"

उत्तर सुप्रभाबाईंनी दिलं. "तीही आपलीच होती हो. तुमच्या घरात राहत होती."

गुरुवारी सकाळी नऊ वाजता शिल्पाने वरिष्ठ कॉरोनरला लेखी कळवलं, की मृत व्यक्तीशी आपली भेट झाली होती आणि मृताच्या कुटुंबाने काल आपल्याशी संपर्क साधला; चौकशी दुसऱ्याकडे द्यावी. सोबत स्वतःचा साडेतीन पानांचा जबाब जोडला. किचनमधला स्वतःचा विनोद तिने वगळला नाही.

पोस्टमॉर्टेमचा अहवाल आठ आठवड्यांनी आला. इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साचणं, डायबेटिक कीटोअॅसिडोसिस. देह त्याआधीच, मार्चच्या अखेरीस, सोडला होता. क्रिमेटोरियममध्ये वैभवीला हिरवी साडी नेसवली होती, मळवट भरला होता. एकवीस बायकांनी ओटी भरली. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर संदेश आला: सौ. वैभवी यांना अहेवपणी देवाज्ञा झाली. खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग होती. शिल्पाला त्याच दिवशी ग्रुपमधून काढण्यात आलं. संदेश तिला आईने दाखवला.

अनिशचा पोलिसांनी दोनदा जबाब घेतला. आरोप ठेवायचा की नाही, ते ठरलेलं नाही. यमुनाबाई एप्रिलमध्ये परतल्या. व्हिडिओवरून साक्ष देण्याविषयी त्यांना पत्र गेलंय, उत्तर नाही. इन्क्वेस्टची, म्हणजे कॉरोनरपुढच्या सुनावणीची, तारीख अठरा नोव्हेंबर आहे. साक्षीदारांच्या यादीत शिल्पा तिसरी आहे.

स्वरालीचा साखरपुडा जूनमध्ये झाला. थोरलीला हार्ट अॅटॅक आला, असं मुलाकडच्यांना सांगितलंय. लग्न पाच नोव्हेंबरला, म्हणजे सुनावणीच्या तेरा दिवस आधी.

गेल्या सोमवारी कॉरोनरच्या ऑफिसला स्वरालीचा ईमेल आला. बहीण या नात्याने अहवालाची प्रत तिने स्वतःच्या नावावर मागितली आहे, वडिलांना कळवू नये असं लिहिलं आहे आणि लग्नाआधी मिळेल का, असं विचारलं आहे. अर्ज नव्या कॉरोनरकडे आहे. उत्तर अजून गेलेलं नाही.