मऊ म्हणून मागे राहिलेली सळई

मी एक सळई बोलतेय. छत्रीची नाही, स्वेटर विणायचीही नाही. दोन पोलादी नळ्या जोडताना जिला वितळवून सांध्यात भरतात, ती. कारखान्यात आम्हाला फिलर म्हणतात. उंची मीटरभर आणि अंगाने काडीपैलवान, त्यामुळे पहिल्या भेटीत माझा कुणावर प्रभाव पडत नाही.

जन्मले तेव्हा मी जाडजूड तार होते. मग एकाहून एक बारीक भोकांतून मला ओढत नेलं. प्रत्येक वेळी वाटायचं, सुटले बाई, तर पुढे त्याहून बारीक भोक तयारच. शेवटी गंज लागू नये म्हणून अंगावर तांब्याचा हात फिरवला, सरळ केलं, कापलं, टोकाशी नंबर ठोकला आणि बहिणींबरोबर एका नळकांड्यात भरलं. नंबर होता सत्तर.

इथेच घोडं पेंड खातं. आमच्यात ऐंशीच्या आणि नव्वदच्याही सळया असतात. आकडा जितका मोठा तितकी सळई कडक. माणसं दुकानात येतात ती परीक्षेचे गुण बघावेत तशी आकडा बघतात आणि मोठा आकडा उचलतात. कशाला काय जोडायचंय, हे विचारायला कुणाला वेळ नसतो. मी मऊ. मऊ म्हटलं की लोकांना कच्ची वाटते, आणि हे ऐकलं की माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात.

मला आणलं एका मामांच्या कारखान्यात. साऱ्या गल्लीचे ते मामाच, पण खरे मामा दोन भाच्यांचे. थोरली त्यांच्याच हाताखाली वेल्डिंग शिकली. धाकटी चाकाच्या खुर्चीत बसून बास्केटबॉल खेळते. मामा सायकलींचे आणि अशा खेळाच्या खुर्च्यांचे सांगाडे बनवतात. त्याला क्रोम-मोली नावाच्या पोलादाची नळी लागते. पातळ, वजनाला हलकी, पण ताकदीला भारी. आणि आचेच्या बाबतीत भलती मानी.

मामांनी माझा नंबर वाचला आणि नळकांडं फळीवर मागे सारलं. "मऊ सळईने काय, कान कोरायचे?" म्हणाले. झाकणही नीट लावलं नाही. पुढे आमच्यातल्या एकीला तुंबलेलं बेसिन मोकळं करायला नेलं, एकीवर हातरुमाल वाळत पडले, आणि एकीने तर चहा ढवळला. मी धूळ खात होते, पण आशा सोडली नव्हती.

मामांची लाडकी सळई होती स्टेनलेसची. वितळली की पाण्यासारखी पसरायची आणि जोड चांदीसारखा चमकायचा. गिऱ्हाईक त्यावर बोट फिरवून खूश. जोड लवकर हाताळता यावा म्हणून मामा त्यावर ओलं फडकं दाबायचे. चुर्र आवाज यायचा, आणि मामांना त्या आवाजाची फार हौस. तापलेल्या क्रोम-मोलीला पाणी दाखवलं की ती काचेसारखी ठिसूळ होते, हे मी फळीवरून ओरडून सांगितलं असतं. पण आम्हाला तोंड असलं तरी ते वितळल्यावरच उघडतं.

धाकटीची नवी खुर्ची मामांनी हौसेने स्वतः जोडली होती, त्याच चमकत्या सळईने, त्याच ओल्या फडक्याने. सरावात समोरच्या खुर्चीशी धडक झाली आणि पायाजवळची पुढची नळी जोडाच्या अगदी कडेने तुटली. धाकटी तोंडावर पडली. मनगट मोडलं.

हाड सांधलं. पण नंतर जुन्या खुर्चीत बसून खेळायला लागली तेव्हा वेगळंच दिसलं. धडक होणार असं वाटलं की तिचे तळवे आपोआप चाकांवर जायचे आणि खुर्ची थांबायची. एका संध्याकाळी ती कारखान्यात आली आणि बहिणीसमोर खुर्ची आणून थांबली.

"ताई, सर म्हणाले, हात बरा झालाय, पण तू घाबरतेस. निवडीच्या दिवशी अशी थांबलीस तर तुला संघात घेता येणार नाही."

"मग?"

"माझी ती मोडलेली खुर्ची परत उभी कर. दुसरी नको, तीच. आणि या वेळी जोड तू मार."

मामा पाठमोरे उभे राहून कानस शोधत होते. कानस त्यांच्या हातातच होती.

नवी खुर्ची तुटली त्या दिवसापासून मामांनी वेल्डिंगला हात लावला नव्हता. पण धाकटी येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते नवीन सळया घेऊन आले. "ही नळीच्याच पोलादाची आहे. नळीइतकीच कडक. आता बघू कशी तुटते."

ताई म्हणाली, "मामा, ही वापरली तर नंतर अख्खा सांगाडा भट्टीत घालून ताव द्यावा लागतो. आपल्याकडे भट्टी कुठे आहे?"

"मग काय ती मऊ लावणार? बहिणीची खुर्ची आहे ती, कपड्यांची दांडी नाही."

"बहिणीची आहे म्हणूनच." आणि तिने फळीवरच्या नळकांड्यात हात घालून मला बाहेर काढलं.

धाकटीने मला बघून भुवया वर केल्या. ताईने तिला समजावलं. "आचेने नळी सांध्याजवळ कडक होते. तिथे भरणही तितकंच कडक घातलं, की धक्का बसल्यावर कुणीच माघार घेत नाही. कुणीतरी जरा नमतं घ्यायला हवं. आणि ही वितळताना नळीचं थोडं पोलाद आपल्यात मिसळून घेते, म्हणून दिसते तितकी मऊ राहत नाही."

"म्हणजे तू आणि मामा भांडता तेव्हा मी घेते तसं नमतं."

"तू? कधी घेतलंस?"

मामांना हसू आलं, पण पटलं नाही. ते म्हणाले, हातच्या कांकणाला आरसा कशाला, नमुने करून बघू. ताईने उरलेल्या नळीचे तुकडे जोडून दोन नमुने केले, एक त्या कडक सळईने, एक माझ्या पुढच्या टोकाने. ते थंड झाल्यावर मामांनी एकेक वाइसच्या लोखंडी जबड्यात आवळला आणि घण उचलला.

मोडेन पण वाकणार नाही, असं म्हणणाऱ्यांचं माणसांना फार कौतुक. कडक सळईने आपला शब्द पाळला. थोडे घाव सोसले आणि जोडाच्या कडेने टचकन फाटली. मग माझी पाळी. मामांनी घाव घातले, नळी चेपली, वाकली, पार आडवी झाली. तरी ते थांबेनात. मला वाटतं ते घाव माझ्यासाठी नव्हते. शेवटी त्यांनी घण खाली ठेवला. जोड शाबूत होता.

"बरं," मामा म्हणाले. "लाव हीच."

खुर्चीचा तुटका जोड ताईने कापून टाकला आणि ओल्या फडक्याच्या पाण्याने ठिसूळ झालेली नळीही मामांना दाखवून काढली, नवी घेतली. तिचं टोक कानशीने घासून दुसऱ्या नळीच्या गोलाईवर बसवलं. मागे दिवा धरला. उजेड दिसला की पुन्हा कानस. मला भरण म्हणत असले तरी माणसांच्या आळसाने राहिलेल्या फटी भरणं माझं काम नाही, आणि हे तिला ठाऊक होतं. मग नळीवरची काळी साय घासून काढली, आणि फडकं पांढरं निघेपर्यंत ॲसिटोनने पुसलं.

नळी आंघोळ घालून सजवायची आणि सळई मात्र तेलकट हातमोज्यात धरायची, ही बहुतेकांची रीत. ताईने मलाही पुसलं. फडकं काळं झालं तेव्हा मी ओशाळले. इतकी वर्षं झाकण उघडं होतं, त्याला मी काय करणार?

पंखा बंद केला, दारं लोटली. वायूचा बारीक फुत्कार सुरू झाला. हवा तापलेल्या धातूला लागू नये म्हणून तो वायू, आणि वारा आला की तो उडून जातो. सगळे घामाघूम झाले. ताईने पायाखालची कळ दाबली, विजेची आच पेटली आणि नळ्यांच्या मधोमध वितळलेल्या पोलादाचा लखलखीत थेंब तयार झाला. मला तिने त्यात टेकवलं, मागे घेतलं, पुन्हा टेकवलं. मागे घेतानाही माझं टोक वायूच्या आडोशाबाहेर जाऊ दिलं नाही. एकदाच घाम डोळ्यात गेला, हात मागे आला, आणि माझं टोक उघड्यावर काळवंडलं. तिने काम थांबवलं. पक्कड घेऊन तेवढं टोक छाटलं आणि पुन्हा सुरुवात केली. तिथेच मी ठरवलं, ही बाई एवढं जपते आहे, तर आता मी हार जाणार नाही.

जोड पुरा झाला. लाल रंग उतरून करडा होत होता. इतक्यात मामांचा हात सवयीने बादलीकडे गेला. फडकं उचललं, पिळलं. धाकटी त्यांच्याकडे बघत होती. मामांनी त्या फडक्याने स्वतःचं तोंड पुसलं आणि ते खाली बसले. जोड आपापला थंड होईपर्यंत कुणी दार उघडलं नाही.

आज खुर्चीला चाकं बसली आहेत. मी आता सळई राहिले नाही, दोन नळ्यांच्या मिठीत आहे. माझं नंबराचं टोक नळकांड्यात परत गेलं. शेवटपर्यंत ओळख पटावी म्हणून शहाणी माणसं ते जपून ठेवतात. आवारातल्या खांबाला मामांनी जुने टायर बांधलेत. निवड उद्या आहे.

पहिल्या खेपेला धाकटी जोरात आली आणि खांबाच्या हातभर अलीकडे थांबली. तळवे चाकांवर होते. दुसऱ्या खेपेलाही तेच.

"राहू दे गं आज," मामा म्हणाले.

"मामा, बाजूला व्हा."

तिसऱ्या खेपेला ती थांबली नाही. टायर दबले, नळी थरथरली, माझ्या अंगातून कळ गेली. मी ताणले गेले, नमले आणि जागेवर आले. धाकटीने जोडाकडे पाहिलंच नाही, आपल्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात वर होते, चेंडू झेलताना असतात तसे. ताई केसाएवढी भेग शोधत खाली बसली. मामांनी जोडावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"आहे," म्हणाले. "आहे तसाच आहे."

तुम्ही कधी सळई निवडायला गेलात तर एवढंच करा. आकडा बघण्याआधी विचारा, की नळी किती पातळ आहे आणि तिला पुढे काय सोसायचंय. मग आमच्यातली जी योग्य असेल ती घ्या, मी नसले तरी चालेल. अजून खूप सांगायचं होतं. पण धाकटी मागे चालली आहे, आवाराच्या पार टोकापर्यंत, आणि या वेळी वेग जास्त असणार. मला जागेवर राहायला हवं. येते.