शर्यतीचा घोडा विजयराज आणि त्याची उजवी बाजू

मित्रांनो, मी एक म्हातारा शर्यतीचा घोडा आहे. नाव विजयराज, आणि जन्मात एकही शर्यत जिंकलेली नाही. हसू आलं तर खुशाल हसा.

मोठ्या शहरातल्या रेसकोर्सवर मी जीव तोडून धावायचो. पण वळण आलं की उजवीकडे अंगाला घासणाऱ्या कठड्याची मला धास्ती वाटे आणि मी बाहेर सरकत जाई. मग पाठीवर चाबूक बसे. ‘आळशी आहे,’ असं सगळे म्हणत. मलाही ते पटू लागलं होतं.

शेवटी भोपाळच्या कारखान्याच्या वसाहतीतल्या घोडेस्वारी क्लबने मला स्वस्तात घेतलं. तिथेही मुक्कामाची खात्री नव्हती. क्लबचे सेक्रेटरी नीळकंठराव मूळचे नागपूरचे. ते म्हणाले, “अच्युतराव, एकदा चेक करून सांगा. बेकार निघाला तर मिसरोद गावचा गाडीवाला उद्या गाडीला जुंपायला घेऊन जाईल.”

अच्युतराव क्लबचे जुने स्वार, आणि कारखान्यात तयार यंत्रं तपासून पास-नापास करणारे इंजिनिअर. त्यांनी माझे गुडघे दाबले, खूर ठोकले, छातीला कान लावला. मग स्वार होऊन मला खेळाच्या मैदानावर, कामगारांच्या धावण्याच्या शर्यतीसाठी आखलेल्या चुन्याच्या रेषेवरून नेलं. माणसं पळतात तसंच, मैदान डाव्या हाताला ठेवून. रेसकोर्सवर नेमकं उलटं पळायचं असतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मी वाऱ्यासारखा सुटलो. नीळकंठराव आ वासून बघत राहिले. “हा तर एकदम फर्स्ट क्लास भागला! पण साहेब, रेसमध्ये उलटे भागतात. तसं पळवून बघा.”

तसं पळवलं, आणि पहिल्याच वळणावर मी भरकटत थेट कुंपणापाशी गेलो. अच्युतरावांना काही उमगेना.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी सुचेताबाई उजवीकडून आल्या. त्यांनी मानेला हात लावताच मी दचकून उडालो. त्या थबकल्या. मग त्यांनी पदराचं टोक माझ्या उजव्या डोळ्यासमोर हलवलं. माझी पापणी लवली नाही.

“अहो, याला या डोळ्यानं दिसतच नाही.”

डोळा बाहेरून अगदी स्वच्छ होता, म्हणून कुणालाच शंका आली नव्हती. आणि मी? मी तर सुन्न झालो. डावीकडे जग असतं आणि उजवीकडे नुसते आवाज असतात, सगळ्यांचं असंच असतं, असं मी जन्मापासून समजत होतो. दुसऱ्या बाजूलाही झाडं असतात, आभाळ असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

“एका डोळ्याचा घोडा ठेवून काय करता?” नीळकंठराव हळूच म्हणाले.

अच्युतरावांचा चेहरा उतरला होता. “इतक्या जणांनी याला नापास केलं, आणि डोळा कुणीच बघितला नाही. मीही नाही. गाडीवाल्याला नको म्हणून सांगा.”

तेव्हापासून मी इथेच आहे. उजवीकडून येणारा प्रत्येकजण आधी मला हाक मारतो. मित्रांनो, तुमच्यातलंही कुणी सारखं मागे पडत असेल, तर त्याला आळशी म्हणण्याआधी एकदा त्याच्या दोन्ही बाजूंना उभं राहून बघा. त्याला स्वतःला ते सांगता येणार नाही. मला कुठे सांगता आलं?