चार बोटांची नवी कड

मी एक जुना दरवाजा आहे, पण माझी एक कड माझ्यापेक्षा पुष्कळ तरुण आहे. मित्रांनो, आमच्या गल्लीतून जाल तेव्हा नीट बघा. कडीच्या बाजूला वरपासून खालपर्यंत चार बोटं रुंदीची एक फिकट पट्टी दिसेल. नवखी माणसं हळहळतात, "एवढं चांगलं दार, आणि हे ठिगळ कुणी लावलं?" मला त्यांचा राग येत नाही. त्यांना ठाऊक नाही की या ठिगळामुळेच मी गल्लीत मान वर करून उभा असतो. ते मला कसं मिळालं, ते आज सांगतो.

माझा जन्म दरवाजा म्हणून झाला नाही. आधी मी चर्चमधले दोन बाक होतो. त्या काळात मी भरपूर प्रवचनं ऐकली. माझ्यावर बसणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ती पेंगत ऐकली, मला मात्र पेंगायची सोय नव्हती. पुढे बाकांचे पाय मोडले आणि मंडळींनी मला मागच्या आवारात टाकून दिलं. उन्हापावसात माझी पार रया गेली. एके दिवशी तिथे एक तरुण सुतार आला. त्याने बोटाने टकटक करून माझा आवाज ऐकला आणि चर्चच्या पाळकसाहेबांना म्हणाला, "पाय गेले म्हणून काय झालं? फळ्या खणखणीत आहेत." एवढं बोलून त्याने मला खांद्यावर टाकलं आणि घरी नेलं.

सुताराचं लग्न ठरलं होतं आणि त्याच्या दोन खोल्यांच्या घराला धड दार नव्हतं. त्याने मला रंधा मारला, गुण्या लावून माझे कोपरे काटकोनात आणले, मागून आडव्या पट्ट्या ठोकल्या. पण वेळेवर काम संपवणं त्याला उभ्या जन्मात जमलं नाही. लग्न लागून नवरी घरी आली तरी मी अंगणातच! शेवटी तिला उंबऱ्याबाहेर उभं करून त्याने मला चौकटीत बसवलं. बिजागऱ्यांत कील सरकवली, मला एकदा उघडलं, एकदा मिटलं, पाठीवर थाप मारली आणि मोठ्याने म्हणाला, "आमेन!"

नवरी हसून हसून बेजार झाली. "अहो, दारासाठी प्रार्थना केलीत की काय?"

"काम मनासारखं झालं की मी असंच म्हणतो," सुतार म्हणाला.

त्याचा आमेन तसा गाजलेलाच होता. चर्चमध्ये प्रार्थना संपली की मागच्या रांगेतून तो असा दणदणीत यायचा, की पुढचे पेंगणारे दचकून ताठ बसायचे.

नवरी बालवाडीत शिकवायची. सगळी गल्ली तिला बाई म्हणू लागली, म्हणून मीही बाईच म्हणतो आणि आदराने बोलतो. सुताराने मला घडवलं. तो माझा बापच, त्याला मी एकेरीतच हाक मारणार. रोज सकाळी कामावर निघताना बाई माझ्यावर तळहात टेकवून छोटीशी प्रार्थना करत. तिच्यात मागणं कमी आणि आभार जास्त. दूध उतू गेलं नाही, आभार. शेजारच्या बाळाचा ताप उतरला, आभार. मग आतून सुताराचा आमेन आला की त्या उंबरा ओलांडायच्या. अशी कितीतरी वर्षं सुखात गेली. बालवाडीची मुलं माझ्यावर खडूने घोडे काढायची, ते डुकरांसारखे दिसायचे, आणि बाई त्यांना शाबासकी द्यायच्या. मी मिटलो की मुंगीलाही आत शिरायची चोरी होती. मला स्वतःचा फार अभिमान होता.

आणि मग तो रविवार आला.

उपासना आटोपून पाळकसाहेब आमच्याकडे जेवायला आले होते. सकाळी पाऊस पडून गेला होता. छपराच्या पत्र्यातून एक थेंब टपकला, तो नेमका पाळकसाहेबांच्या ताटात. पाळकसाहेबांनी हसून ताट बाजूला सरकवलं, पण सुताराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जगाची छपरं दुरुस्त करणाऱ्याचं स्वतःचंच छप्पर गळावं! तो हात धुऊन उठला.

"अहो, आज रविवार आहे. उद्या बघा," बाई म्हणाल्या.

"दोन मिनिटांचं काम आहे. तुम्ही जेवा, आलोच मी."

शिडी लागली. पत्रा ओला होता. पाय निसटला आणि सुतार माझ्यासमोर अंगणातल्या फरशीवर पाठीवर आदळला. सगळे धावले तेव्हा तो शुद्धीवर होता. बाईंकडे बघून त्याने एवढंच विचारलं, "माझे पाय कुठे आहेत गं?" पाय जागेवरच होते. त्याला ते कळत नव्हते.

शेजारचा नळ दुरुस्त करणारा धावत आला. त्याच्या स्वतःच्या घरचा नळ सदा ठिबकायचा, म्हणून गल्लीने त्याचं नाव गळकाभाऊ ठेवलं होतं. तो सुताराला बखोटीला धरून उठवणार, तोच पाळकसाहेब ओरडले, "थांब! पाठ वाकता कामा नये. सपाट काहीतरी आणा."

सगळे इकडेतिकडे बघू लागले. बाईंनी माझ्याकडे बघितलं. नवऱ्याच्या पिशवीतून हातोडी काढली आणि माझ्या बिजागऱ्यांच्या दोन्ही कील ठोकून वर उडवल्या. मित्रांनो, चौकटीत बसल्यापासून मी पहिल्यांदा आडवा झालो. त्यांनी सुताराला अलगद माझ्यावर सरकवलं. एक कोपरा गळकाभाऊने धरला, एक पाळकसाहेबांनी, एक बाईंनी. चौथा कोपरा रस्त्याने चाललेल्या एका अनोळखी माणसाने काही न विचारता उचलला. दवाखान्याच्या पायरीपर्यंत त्याने मला नेलं आणि गर्दीत निघून गेला. त्याचं नाव विचारायचं कुणाला सुचलं नाही.

डॉक्टर म्हणाले, "सपाट आणलंत हे फार बरं केलंत. बसवून आणलं असतं तर वाचले नसते." पायांबद्दल मात्र ते काही बोलेनात. पुढे बोलले ते हेच, की पाय परत येतील अशी आशा धरू नका.

इकडे गळकाभाऊ मला घरी घेऊन आला आणि चौकटीत बसवू लागला. बाईंनी त्याला अडवलं. "नको भाऊ. ज्यांनी बसवलं होतं तेच परत बसवतील."

"अहो बाई, तोवर घर उघडं?"

"उघडं तर उघडं," बाई म्हणाल्या आणि चौकटीला चादर टांगली. गल्लीला वाटलं, बाईंचं डोकं ठिकाणावर नाही. मलाही तसंच वाटलं.

सुतार घरी आला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं की गादीखाली टणक फळी हवी. घरातल्या लोखंडी खाटेची मधोमध झोळी झाली होती. म्हणून मला खाटेवर घातलं, माझ्यावर जाड गादी, गादीवर सुतार. एक दरवाजा, आणि त्याची फळी झाली! सुरुवातीला मला फार अपमान वाटला. पण चौकटीत उभं राहून मला जे कधी कळलं नव्हतं, ते त्याच्या पाठीखाली पडून कळू लागलं.

तो बोलेनासा झाला. तोंड भिंतीकडे करून पडायचा. एकदा पाळकसाहेब आले तेव्हा मनातलं बाहेर पडलं. "रविवारी काम केलं, म्हणून देवाने मला शिक्षा केली."

बाई तडकल्या. "देव म्हणजे काय मुकादम आहे, हजेरी घेऊन बसायला?"

"आणि रविवारी काम केल्याची शिक्षा असती," पाळकसाहेब म्हणाले, "तर मी कधीच पडलो असतो. मी तर रविवारीच काम करतो. गल्लीच्या मते बाकी आठवडाभर रिकामाच असतो."

सुतार हसला नाही. मग पाळकसाहेबांनी शुभवर्तमानातली ती जुनी गोष्ट काढली. एक माणूस खाटेला खिळलेला, त्याला चौघांनी उचललं, दारात गर्दी होती म्हणून छप्पर उघडून प्रभूसमोर खाली सोडलं. त्या चौघांची नावं कुणी लिहून ठेवलेली नाहीत. आणि शेवटी तो माणूस स्वतःचीच खाट उचलून घरी गेला.

गळकाभाऊ मन लावून ऐकत होता. म्हणाला, "पण त्या छपराचं पुढे काय झालं? कुणा सुताराला काम लागलं असेल नाही?"

सुताराच्या पोटात हसू हललं, मला खालून कळलं. पण तेही लगेच विरून गेलं. "तो उठला," तो म्हणाला. "मी उठणार नाही."

बाई रोज सकाळी माझ्या कडेवर तळहात टेकवून प्रार्थना करत राहिल्या. प्रार्थना संपली की क्षणभर थांबायच्या, बालवाडीतलं लाजरं मूल उत्तर देईल म्हणून थांबावं तशा. सुतार गप्पच. मग त्या स्वतःच हळूच आमेन म्हणून निघायच्या. एका दुपारी मात्र त्यांचाही धीर सुटला. सुताराला कुशीवर वळवून, त्याची पाठ पुसून, त्या जमिनीवर बसल्या आणि कपाळ माझ्या कडेला टेकलं. "प्रभू, आज आभार मानायला मला काहीच सापडत नाही." बराच वेळ त्या तशाच बसून होत्या. मग म्हणाल्या, "हे माझ्याजवळ आहेत. आभार." त्यांना वाटलं, नवऱ्याला झोप लागली आहे. तो जागा होता. त्याच्या खांद्यातला हुंदका गादीतून माझ्या फळ्यांपर्यंत आला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत चर्चच्या मंडळींनी मिळून त्याच्यासाठी चाकांची खुर्ची आणली. सगळे आनंदात खुर्ची ढकलत आले आणि चौकटीत अडकले. खुर्ची काही आत शिरेना. सरळ लावली, तिरकी लावली, गळकाभाऊने दोन शिव्याही घातल्या आणि पाळकसाहेबांकडे बघून जीभ चावली.

"प्रभूने अरुंद दारानेच आत जायला सांगितलंय," पाळकसाहेब घाम पुसत म्हणाले, "पण त्या वेळी ही खुर्ची नव्हती."

"बोटभराचा तर फरक आहे," गळकाभाऊ म्हणाला. "चौकट जरा ठोकून मागे सारू."

"बोटभर?" भिंतीकडून आवाज आला. सुताराने मान वळवली होती. "अरे, डोळे आहेत की बटणं? चांगला चार बोटांचा फरक आहे. उंबराही काढावा लागेल. आणि चौकट रुंद केली तर दार कमी पडणार, त्याला पट्टी जोडायला नको?"

"मग जोडा की," बाई म्हणाल्या.

"दार कुठाय?"

"तुमच्याखाली."

सुतार आढ्याकडे बघत राहिला. मित्रांनो, माझ्यावर काम करायचं तर आधी त्याला माझ्यावरून उठायला हवं होतं. पडल्या दिवसापासून तो आपणहून उठायला तयार झाला नव्हता.

"माझे पाय गेलेत," तो पुटपुटला.

बाई त्याच्याजवळ गेल्या. "पाय गेले म्हणून काय झालं? फळ्या खणखणीत आहेत. हे कोण म्हणालं होतं? पाळकसाहेबांनी मला सांगितलंय."

सुताराने डोळे मिटले. मग हात पुढे केला. "मला उचलून बाहेर खुर्चीत बसवा. आणि माझी पेन्सिल आणा."

पेन्सिल कानावर चढली आणि माझा सुतार मला परत दिसला. पहिल्या दिवशी तो थोडा वेळच बसू शकला, चक्कर आली, घाम फुटला. दुसऱ्या दिवशी आणखी थोडा बसला. मला अंगणात दोन स्टुलांवर आडवं घातलं होतं. खुर्चीतून त्याचा हात एका टोकापर्यंत पोचायचा, मग बाई मला पुढे सरकवायच्या. गळकाभाऊने चौकटीसाठी भिंत फोडली आणि अर्थातच आतला नळही फोडला. त्या दिवशी अंगणभर पाणी झालं, आणि घरात किती दिवसांनी सगळे खळखळून हसले! नवी पट्टी रंधून, सरस लावून, स्क्रू पिळून त्याने माझ्या कडेला घट्ट बसवली. सांधा असा जुळला होता की त्यात नखही शिरत नव्हतं.

मला बसवायचा दिवस उजाडला. पाळकसाहेबांनी एक कोपरा धरला, गळकाभाऊने एक, बाईंनी एक. चौथा कोपरा तसाच राहिला. त्या अनोळखी माणसाला गल्लीने पुष्कळ शोधलं होतं, तो पुन्हा कुणाला दिसला नव्हता.

"कुणाला हाक मारू का?" गळकाभाऊने विचारलं.

"कशाला? हा कोपरा माझा," सुतार म्हणाला. त्याने खुर्ची पुढे घेतली, माझा कोपरा मांडीवर पेलला आणि दोन्ही हातांनी जोर लावला. मी उचलला गेलो. वरच्या बिजागरीची कील बाईंनी स्टुलावर चढून ठोकली, खालची त्याने ठोकली. बाई खाली उतरल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, पण बोलल्या त्या नेहमीच्याच तोऱ्यात. "त्या गोष्टीतल्या माणसासारखे चालत नाही गेलात. पण आपली खाट तेवढी उचललीत हं तुम्ही!"

सुताराने मला एकदा उघडलं, एकदा मिटलं. माझ्या नव्या कडेवर थाप मारली.

"आमेन!"

गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेला तो.

आज त्याच्या खुर्चीसमोर कमी उंचीचं कामाचं टेबल आहे. बालवाडीचे बाक तोच करतो, आणि अजूनही वेळेवर देत नाही. त्याचे पाय आले नाहीत. कधीकधी दुपारी तो स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत बसतो, तेव्हा मला वाईट वाटतं. पण सकाळी बाई माझ्यावर तळहात टेकवतात, आभारांची मोठी यादी सांगतात, आणि आतून आमेन येतो. तो यायच्या आधी त्या कधीच निघत नाहीत.

मित्रांनो, दारं आपटू नका. बिजागऱ्यांना अधूनमधून तेल घाला, आम्हालाही सांधे असतात. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. कुणी तुमच्या चौकटीत अडकून बाहेर उभा असेल, तर त्याला अंग चोरायला सांगू नका. तुमच्या दाराला चार बोटं जोडा. माझ्याकडे बघा, मी जुना झालो, पण रुंद झालो.