चरालगतचं गवत

"बाई, डुकरांना कावीळ होते का?"

जनावरांच्या डॉक्टरीणबाई शाळेत माहिती द्यायला आल्या होत्या. त्यांना भर वर्गात हे विचारायचं, अशी पैज मैत्रिणींनी लावली होती. आमच्याकडे डुकरं आहेत, त्यामुळे असले मान माझेच. मागच्या वर्षी मी बाकाखाली शिरले असते. यंदा उभी राहून खणखणीत विचारलं. वर्ग फिदीफिदी हसला.

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, कावीळ करणारा एक विषाणू डुकरांच्या यकृतात राहू शकतो. डुक्कर मात्र मजेत खातं-पितं, कळतसुद्धा नाही. विष्ठेतून तो बाहेर पडतो आणि सशांत जाऊ शकतो, माणसांतही. गाभण सशिणींना फार वाईट. पोटुशी बाईनं तर जपायलाच हवं.

मी पैज जिंकले आणि मला आमचे ससे आठवले.

आमचे ससे डुकरांच्या शेडपासून चांगले शंभर पावलं लांब आहेत. पण शेड धुतलेलं पाणी बाबांनी चर खणून मागच्या पट्ट्यात सोडलंय. तिथे गुडघाभर गवत माजतं. ते सशांना घालायची अक्कल माझी. दोन महिने रोज टोपलीभर कापत होते आणि घरभर शाबासकी मिरवत होते. या आठवड्यात तीन गाभण सशिणी मेल्या. तिसरी आज सकाळी, ती अजून शेडमागे पोत्यात होती. आईनं सगळं उन्हावर ढकललं. पिंजरे वहिनी साफ करते, उघड्या हातांनी. तिला सातवा महिना लागलाय आणि दोन दिवस अन्नाचा वासही नको झालाय.

घरी आले तेव्हा वहिनी पायरीवर बसली होती. मी तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"काय गं, डोळ्यांचा दवाखाना काढलास का?" ती म्हणाली.

तिच्या डोळ्यांतलं पांढरं जुन्या कागदासारखं पिवळट झालं होतं.

आत जाऊन मी आईबाबांना सगळं सांगितलं, गवतासकट. दादा ट्रक घेऊन गेलेला, परवा येणार. आई ओट्याचा एकच कोपरा पुसत राहिली. बाबांनी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, डॉक्टरीणबाईंना कळलं तर आपल्या डुकरांना कोण हात लावेल? वहिनीला गरोदरपणाचंच काहीतरी असेल.

"शनिवारी डुकरं विकली जातायत, बाळा. तेवढे चार दिवस तोंड बंद ठेव."

"नाही ठेवणार," मी म्हटलं. आवाज वर्गातल्यासारखाच खणखणीत निघाला. "वहिनीला मी आत्ता दवाखान्यात नेतेय. आणि पोत्यातली सशीण डॉक्टरीणबाईंकडे. गवत मी कापलंय, बाबा. सांगणारही मीच."