कोणती गोळी भारी

भगवंत शेठचा फोन आला तेव्हा डॉक्टर हुदा मोमीन एका गोठ्यात गाईची सुजलेली कास तपासत होती. "म्हैस पडलीय मॅडम, कुंपणाच्या तारेत घुसली. लई लागलंय. लगेच या," एवढं बोलून त्याने फोन ठेवला. हुदा मूळची जुन्नरची. आंबेगाव तालुक्यातल्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात ती डॉक्टर होती आणि भगवंत शेठला नावाने ओळखत होती. त्याच्या द्राक्षबागा होत्या, कांद्याच्या वखारी होत्या आणि डिंभे धरणाच्या पाण्याच्या वर, आहुप्याच्या रस्त्याला फार्महाऊस होतं. जनावरांची आवड असलेला माणूस म्हणून तो तिच्या लक्षात नव्हता. तरी ती निघाली. दवाखान्यातला जुना परिचर सावळाराम गाडी चालवत होता.

फार्महाऊसच्या मागे ओढ्याकाठी मोकळी जागा होती. तिथे प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून शेठ, त्याचा मित्र आणि काही पाव्हणे बसले होते, बर्फाचा डबा होता, आणि एका टेबलावर चादर अंथरून बंदुका ठेवल्या होत्या. बाजूला फुटलेले भोपळे आणि भिजवलेल्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे पडले होते, त्यांना भोकं पडलेली. त्याच्या पलीकडे, बाभळीला बांधलेली म्हैस कुशीवर पडली होती. तिचं पोट वरखाली होत होतं.

हुदा तिच्याजवळ गुडघ्यावर बसली. तारेचा एकही ओरखडा नव्हता. खांद्यात एक भोक, बरगड्यांवर एक, आणि मागच्या मांडीवर मूठ जाईल एवढी फाटलेली जागा. माशा बसल्या होत्या. हुदाच्या नाकात बारुदाचा आणि रक्ताचा वास एकदम शिरला.

"हिला गोळ्या मारल्यात तुम्ही," ती म्हणाली.

"ऐका तर मॅडम." भगवंत शेठ खुर्ची पुढे ओढून बसला. पन्नाशीचा, गोरापान, बोलायला गोड माणूस. "उसात बिबटे किती वाढलेत, तुमाला सांगायला नको. आमी लायसन काढलं त्यासाठीच. माझं बत्तीसचं पिस्तूल. ह्या गोकुळकडं तीनशे पंधराची रायफल. पाव्हण्यांची पॉइंट टू-टू. हा म्हणतो पिस्तुलानं बिबट्या थांबत न्हाई. मी म्हणतो थांबतो. भोपळं फोडलं, कागदाचं गठ्ठं फोडलं. पण कागदाला हाड असतंय का? मांस असतंय का?"

गोकुळ हा त्याचा ठेकेदार मित्र. त्याचा फोन सगळा वेळ समोर धरलेला होता, चित्रीकरण चालू. तो हसत म्हणाला, "म्हणून ही भाकड म्हैस आणली. तिन्ही गोळ्या एकाच अंतरावरनं. एकदम सायंटिफिक."

"मग मला कशाला बोलावलं?"

"ती मरंना," भगवंत शेठ म्हणाला. "अजून एक गोळी घालून संपवली असती, पण मग रिझल्ट बिघडला असता ना. तुमी इंजेक्शन द्या. मग उघडून दाखवा कोणती किती आत गेली, कोणती फुटली. डॉक्टरनं सांगितलं की वाद मिटला."

हुदाला क्षणभर वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. मग वाटलं, उठावं आणि त्या टेबलावरची चादर खेचून सगळं ओढ्यात टाकावं. म्हशीने मान उचलायचा प्रयत्न केला आणि टाकली. हुदा उठली.

"सावळारामभाऊ, गाडीतून पेटी आणा," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांकडे बघून त्याला उरलेलं समजलं. तो गाडीमागे जाऊन पोलिसांना फोन करूनच पेटी घेऊन आला.

तिने म्हशीच्या मानेवर हात ठेवला, शीर शोधली आणि औषध सावकाश सोडलं. श्वास लांबत गेला. डोळ्याला बोट लावून बघितलं, पापणी हलली नाही. तोवर मागून गोकुळ पाव्हण्यांना सांगत होता की सॉफ्ट नोजची गोळी आत गेल्यावर कशी फुलते.

"आता उघडा," भगवंत शेठ म्हणाला.

"उघडते," हुदा म्हणाली. "तुम्हीच सांगताय, साक्षीदार आहेत. सावळारामभाऊ, मी सांगते ते लिहून घ्या."

तिने हातमोजे चढवले. काम तिला पाठ होतं. आज मात्र प्रत्येक कापाला तिला किळस येत होती. ती म्हशीच्या आतड्यांची नव्हती. तिच्या खांद्याशी येऊन वाकलेल्या त्या माणसांच्या तोंडांची होती. कुणाच्या तरी तोंडाला दारू आणि शेंगदाण्यांचा वास येत होता.

"बारीक शिशाची गोळी, बरगडीवर चपटी झालेली, फुप्फुसापर्यंत पोचलेली नाही," ती सांगत गेली. "खांद्यातली गोळी स्नायूत अडकलेली, आकार जवळजवळ तसाच."

"बघ, पिस्तुलाची अडकली!" गोकुळ ओरडला.

"आरं पण खांदा निकामी केला ना तिनं!" भगवंत शेठ म्हणाला.

"मांडीतली गोळी हाडावर फुटलेली. हाडाचा चुरा. तुकडे ओटीपोटात."

"तीनशे पंधरा!" गोकुळने फोन उंचावला. पाव्हण्यांपैकी एक जण बाजूला जाऊन ओकला, तेव्हा बाकीचे हसले.

"एवढं काय तोंड वाकडं करताय मॅडम," गोकुळ म्हणाला. "तुमच्यात तर रोज कापतात."

हुदाने सुरी खाली ठेवली. "कापतात. माझे आजोबाही कापायचे. एका जनावरासमोर दुसरं कापू नये म्हणून आडोसा करायचे. तुम्ही खुर्च्या मांडल्यात."

ती गोळ्यांचे तुकडे एका बाटलीत टाकत होती. भगवंत शेठने हात पुढे केला. "ते द्या इकडं. आठवण म्हणून."

"हे जप्त होणार आहे."

त्याचा गोड आवाज गेला. "मॅडम, बाटली हितंच ठेवायची. तुमी माझ्या जमिनीवर उभ्या आहात."

तो उठला. सावळाराम मधे आला. त्याच वेळी ओढ्याच्या वरून एक बाई घाईने उतरताना दिसली, अंगाने वाळलेली, कासोटा घातलेली. वरच्या वाडीतली चिमाबाई. बंदुकांचे आवाज तिने घरून ऐकले होते. कुणीतरी तिला सांगितलं होतं की बाभळीखाली शेठची नवी म्हैस पडलीय. मागोमाग वाडीतली आणखी माणसं येत होती.

चिमाबाई कुणाकडे न बघता म्हशीच्या डोक्याशी बसली. उघड्या पोटाकडे तिने एकदाच बघितलं. "बिजले," तिने हाक मारली, जणू ती उठणार होती. मग भगवंत शेठकडे वळून म्हणाली, "तुमी म्हणला व्हता, शेणखताला ठेवतो. गवत लई हाय, खाईल आन् बसंल. म्हणून दिली मी. नायतर घरातच मेली असती की."

गोकुळने फोन खाली केला. वाडीतली माणसं गोल करून उभी राहिली आणि खुर्च्यांवरचे एकेक करून उठले. भगवंत शेठने पुढे केलेला हात खिशात घातला. पोलिसांची गाडी येईपर्यंत ती बाटली हुदाच्या हातातच राहिली.

ठाण्यात हवालदाराने जबाब लिहून घेतला. बंदुका जमा झाल्या. सह्या झाल्यावर त्याने बाटली उजेडाकडे धरली आणि आवाज खाली करून विचारलं, "पण मॅडम, खरंच सांगा, कोणती भारी?"

हुदा तशीच बाहेर आली आणि नळाखाली कोपरापर्यंत हात धूत राहिली, सावळारामने "पुरे आता" म्हणेपर्यंत.

संशयित त्याच संध्याकाळी जामिनावर सुटले. गोकुळने पोलिसांना सांगितलं की चित्रीकरण केलंच नव्हतं. फोनही कोरा निघाला. त्यांच्या वकिलाचं म्हणणं असं की म्हैस आधीच जखमी होती, दया म्हणून गोळी घातली. प्रकरण ढिलं पडत चाललंय असं सगळेच म्हणायला लागले.

मग एका दुपारी हुदा आळेफाट्याला चहाला थांबली होती. शेजारच्या बाकावर दोन तरुण एका फोनवर वाकले होते. फोनमधून तिचाच आवाज येत होता: "खांद्यातली गोळी स्नायूत अडकलेली..." मागे कुणीतरी संगीत घातलं होतं. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: डॉक्टरांचा निकाल. गोकुळला राहवलं नव्हतं. त्याने फोन कोरा करण्याआधी ते चित्रीकरण दोस्तांच्या ग्रुपवर टाकलं होतं आणि तिथून ते गावोगाव फिरत होतं. म्हैस उभी असल्यापासून सगळं त्यात होतं. पहिल्या गोळीला ती दचकली, दोरीला हिसडा दिला आणि मग ज्याने गोळी झाडली त्याच्याकडेच बघत राहिली. नेम धरणाऱ्यांची तोंडं स्वच्छ दिसत होती.

हुदाने कप खाली ठेवला.

"भारी हाय ना ताई?" त्यातला एक जण म्हणाला. त्याने तिला ओळखलं नव्हतं. "तीनशे पंधराचा नादच न्हाई."

"मला पाठव," ती म्हणाली.

त्याने आनंदाने पाठवलं. हुदा तशीच ठाण्यात गेली. दयेची गोष्ट त्या दिवसापर्यंतच टिकली; परवाने रद्द झाले आणि खटला उभा राहिला. साक्षीच्या दिवशी हुदा आणि चिमाबाई कोर्टाबाहेरच्या बाकावर शेजारी बसल्या होत्या. चिमाबाईला ते चित्रीकरण कुणी दाखवू नये असं हुदाने सरकारी वकिलाला बजावून ठेवलं होतं.

"लई येळ तडफडली का वो?" चिमाबाईने विचारलं. इतक्या दिवसांत हे विचारणारी ती पहिलीच.

हुदाने तिचा हात धरला. "हो," ती म्हणाली. "मी पोचेपर्यंत."

चिमाबाईने मान हलवली आणि पदराने तोंड पुसलं. आतून पुकारा झाला तशा दोघी उठल्या.