एका झटक्याचं पुस्तक

पान १

नाकेदाराची परीक्षा साधी होती. पुस्तक उघडायचं, मधलं एक पान चिमटीत धरून उचलायचं आणि एकदा झटकायचं. पुस्तक पानाला लोंबकळलं तर ते पुस्तक, जकात माफ. पान हातात आलं तर तो नकाशा, जकात भरा.

सन बावन्न. निजाम गेला होता, पण वर्धा नदीपलीकडे हैदराबादची जकात अजून जिवंत होती. अलीकडे चांदा, पलीकडे राजुरा. बोली तीच, मासेही तेच, मध्ये, नदीपार नेणारा डोंगा सुटतो तिथं, हा नाका.

चांद्याच्या गुणवंतराव व्यापाऱ्यानं या झटक्यावर धंदा उभा केला होता. विलायतेत छापलेले नकाशे मुंबई बंदरातून त्याच्याकडे सुटे यायचे आणि राजुऱ्याच्या बाजारात सुटेच विकले जायचे. कोणी शाळेसाठी घेई, कोणी नुसता निळा रंग आवडला म्हणून भिंतीला चिकटवी. नदी ओलांडण्यापुरतं मात्र त्यांचं पुस्तक व्हायला हवं होतं.

म्हणून देवाजी बाईंडर.

पान २

"देवाजी, टाका असा घाल का एक झटका खाईन अन् दुसऱ्यात सुटन."

"असा टाका नसते, राव."

"नसते तं शोधून काढ. तुह्यासारखा हात आख्ख्या चांद्यात नाई."

आणि देवाजीनं शोधून काढला, हीच खरी घाण. ज्याच्या बापानं बांधलेली कोर्टाची दप्तरं अजून उसवली नव्हती, तो आता दोन भोकं सोडून एक टाका घालू लागला. दोरा बिनमेणाचा. खळ पातळ, ताकासारखी. जाडी यावी म्हणून मधे गेल्या सालच्या पंचांगाची पानं. आफ्रिका, मग एकादशी, मग युरोप. पुठ्ठ्यावरची सोनेरी अक्षरं तेवढी खरी.

"काऊन जेवत नाई?" बायकोनं, शकुबाईनं विचारलं.

"हाताले सरसाचा वास येऊन राह्यला."

"तीस वर्सं झाले, येतेच."

"आता निराळा येते," म्हणत त्यानं ताट सारलं.

पान ३ आणि ४

गळाली. शिलाईच तशी होती.

पान ५

एका बाजाराच्या दिवशी तो स्वतःच राजुऱ्याला गेला. आपल्या पुस्तकांचं पुढं काय होतं, ते त्याला एकदा बघायचं होतं.

घाटावर गुणवंतरावचा माणूस लटारू उकिडवा बसून पुस्तकं सोलत होता. याला दुसरा शब्द नाही. पुठ्ठ्यात दोन्ही अंगठे घालायचा, कोंबडी फाडावी तसा कराकरा ओढायचा, नकाशे एकीकडे आणि कातडं एकीकडे. पंचांगाचे बोळे चिखलात पडत होते. मधेच एकानं ते उचलून झाडामागं नेले. कशाला, ते देवाजीनं पाहिलं नाही, पण त्याला कळलं.

पुढं रंभा ढिवरीण सुकट विकत बसली होती. टोपलीवर झाकण म्हणून त्याचाच पुठ्ठा. सोनेरी "जग"वर खवले चिकटलेले.

"देवाजी भाऊ, तुह्या पुठ्ठ्यानं माशा बसत नाई, हं! लय गुणाचा हाय," ती हसली. "आणखी पाठवजो."

देवाजी नदीकडं गेला आणि ओकला.

पान ६

पुढच्या खेपेला बारा पुस्तकं होती. देवाजी लटारूबरोबर नाक्यावर हजर.

नाकेदारानं थुंकी लावून अंगठा ओला केला. पान खाल्लेल्या तोंडाची लाल थुंकी. ऑस्ट्रेलियावर डाग उमटला. त्यानं पान चिमटीत धरलं, उचललं, झटकलं. पुस्तक लोंबकळलं.

"किताब," तो म्हणाला आणि शिक्क्याकडं हात नेला.

"किताब नोहे, साहेब," देवाजी म्हणाला. "म्या बांधली, मले मालूम. पुन्हा झटका."

"पागल झाला का बे!" लटारू ओरडला.

देवाजीनं पुस्तक हिसकावलं आणि दुसरा झटका स्वतःच दिला. सगळं जग जमिनीवर सांडलं.

नाकेदारानं खाली पाहिलं, वहीत पाहिलं, मग दाढेत चुना सरकवला. "सरकार का झटका एक. उसमें ये पास हुई. दूसरा तुमने मारा, सरकार ने नहीं मारा." थोडं थांबून म्हणाला, "मगर सिक्का किसपे मारूँ? सी दे इसको."

एवढंच. इतके महिने देवाजीला वाटत होतं, हा माणूस फसतोय. तो फसत नव्हता. त्याला काही पडलीच नव्हती.

देवाजीनं टोपीतली सुई काढली. कनवटीला मेणाची गोळी आणि पक्का दोरा होता. का आणला होता, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"एकच काऊन, साहेब? बाराही शिवतो."

"शाम तक बैठा हूँ."

तो शिवत बसला. एकही भोक न सोडता, प्रत्येक नकाशाच्या पाठीतून, दुहेरी टाका, गाठीवर गाठ. पंचांगाची पानं काढून बाजूला ठेवली. लटारू येरझाऱ्या घालत शिव्या देत होता. "राव तुले पुन्हा काम देईन? भीक मागशीन!"

दिवस कलला तेव्हा नाकेदारानं एक पुस्तक झटकलं. मग गंमत म्हणून आणखी एकदा. मग तिसऱ्यांदा, दातओठ खाऊन. हललं नाही. बाराही पुस्तकांवर शिक्के बसले.

शेवटचं पान

डोंग्यात लटारूनं पहिलं पुस्तक मांडीवर घेतलं.

"हे आता सुटन कसं, भाऊ?"

"सुटन नाई. पहिले नकाशा फाटन, मंग टाका."

"पाहू."

त्यानं दोन्ही अंगठे घातले आणि ओढलं. आशिया मधोमध उभा फाटला, अर्धा हातात राहिला, अर्धा पाण्यावर पडून भिजत गेला. टाका शाबूत होता.

देवाजीला वाटलं होतं, बरं वाटेल. त्यानं पाण्यात हात बुडवले. हुंगले. पुन्हा बुडवले.